बलोपासना : आपली आणि शेजाऱ्यांची

चैत्री पौर्णिमा हा आमच्या करवीर प्रांतात दोन देवांचा दिवस आहे. सूर्योदयाला मारुतीचा जन्मकाळ होतो आणि दुपारी जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांची मिरवणूक निघते. या दिवशीचे पहाटेचे कीर्तन आम्ही गेली बावीस वर्षे शाहूवाडी तालुक्यातील एका लहानशा गावी करीत आलो आहोत. मलकापूर मागे टाकून आंब्याच्या घाटाकडे वळले की डोंगर अंगावर येऊ लागतात आणि थोड्याच वेळात डाव्या हाताला हे गाव दिसते. देऊळ कौलारू, मूर्ती शेंदराच्या पुटांखाली निम्मी झाकलेली, आणि देवळाच्या भिंतीला भिंत लावून गावची तालीम. पहिल्या वर्षी आम्ही कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी तालमीतून जोर मारणाऱ्या पोरांचे हुंकार आणि वस्तादांची दटावणी ऐकू येत होती. जन्मकाळाला हीच पोरे अंगावरची माती तशीच ठेवून पाळण्याची दोरी धरायला पुढे आली होती.

गेल्या वर्षी तालमीला कुलूप होते. खिडकीच्या गजांतून आत डोकावलो, तर हौदाच्या जागी मांडवाचे बांबू, कनाती आणि ध्वनिक्षेपकाची खोकी रचलेली. कोपऱ्यात जी माती उरली होती ती वाळून ढेकळांसारखी झाली होती.

त्या पहाटे पूर्वरंगात आम्ही देहाच्या नश्वरतेचे निरूपण केले. हा आमचा चाळीस वर्षांचा हातखंडा विषय. देह म्हणजे माती, देह म्हणजे हाडामांसाचा सांगाडा, देह म्हणजे चार दिवसांचे भाड्याचे घर, असे दृष्टान्तामागून दृष्टान्त देत गेलो. श्रोते मान डोलावीत होते. जन्मकाळ झाला, सुंठवडा वाटला गेला आणि उपरणे घडी करीत असता सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा जवळ आला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बुवा, देह नुसती माती म्हणता तुम्ही; मग देवानं मारुतीला ह्ये येवढं दंड आणि मांड्या कशाला दिल्यात?" आम्ही क्षणभर थांबलो. तोच पुढे म्हणाला, "आणि तालमीत बी मातीच असती की."

पन्नास वर्षे संस्कृत ग्रंथ चाळले. त्या पोराला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. परतीच्या एस. टी.त बसल्यावर मात्र एका जुन्या स्नेह्यांची आठवण झाली, आणि तीच या लेखाचे निमित्त आहे.

तारुण्यात आम्ही कोल्हापुरात एका शाळेत संस्कृत शिकवीत होतो. तेथे एक ख्रिस्ती गृहस्थ ड्रिलमास्तर होते. निवृत्तीला आलेले, तरी पाठ छडीसारखी ताठ. पहाटे मैदानावर ते सर्वांच्या आधी येत, एका कडेला गुडघे टेकून दोन मिनिटे डोळे मिटीत आणि मग व्यायामाला लागत. एकदा आम्ही थट्टेने म्हणालो, "मास्तर, कवायतीलाही देवाची परवानगी लागते का तुमच्यात?" ते हसले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही सोवळे नेसून पूजेला बसता ना? हे माझे सोवळे समजा." आमच्या अंगी तेव्हा पांडित्याचा ताठा बराच होता. बोलणे हसण्यावारी नेले.

पुढे जिज्ञासेने वाचीत गेलो, तेव्हा लक्षात आले की मास्तरांच्या त्या दोन मिनिटांमागे मोठा वाद होऊन गेलेला आहे. ख्रिस्ती धर्मातही देहाविषयी दोन सूर आहेत. त्यांचा संत पौल करिंथ नगरात राहिला होता. ग्रीकांच्या मोठ्या क्रीडास्पर्धा त्या नगराजवळच भरत. म्हणूनच त्याच्या पत्रांत धावपटू येतो, मुष्टियोद्धा येतो, संयमाने आहार राखणारा मल्लही येतो. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे तो करिंथकरांना बजावतो. पण तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आणि भक्तीचा सर्वच बाबतींत, असे मापही तेथे घालून दिलेले आहे. मंदिर राखा, परंतु मंदिरालाच देव समजू नका, असा त्याचा इत्यर्थ आम्ही घेतो. पुढे मठ आले, वाळवंटातले तपस्वी आले आणि देहदंडाचा सूर वर चढला. संत फ्रान्सिस आपल्या देहाला गाढवबंधू म्हणत. त्याला इतके राबवले, उपाशी ठेवले, की अखेरीस त्या बिचाऱ्या बंधूची त्यांनी क्षमा मागितली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. आम्हांस हा प्रसंग फार भावतो. आमच्याकडील किती साधकांना ती बुद्धी सुचली असेल?

येथे एक भेद झाकून ठेवू नये. आमच्या शास्त्रांत देह हे बदलायचे वस्त्र. ख्रिस्ती सिद्धान्तात ईश्वराने स्वतः मानवदेह धारण केला आणि अंतिम दिवशी देहासह पुनरुत्थान होणार आहे. देहाला तुच्छ म्हणण्याची मुभा त्यांना वस्तुतः आमच्यापेक्षा कमीच. तरीही शतकानुशतके त्यांनी ते म्हटले. आमच्याकडे अवतारकल्पना असून, अवतारांचे देह पूज्य मानूनही, आम्ही तेच म्हणत आलो. या बाबतीत दोन्ही घरची सून सारखीच रुसलेली.

एकोणिसाव्या शतकात मात्र तिकडे वारे फिरले. १८४४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या कापडाच्या पेढीवरील नोकराने सोबत्यांसह यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वाय. एम. सी. ए., स्थापन केली. शहरात एकट्या पडलेल्या तरुणांनी एकत्र प्रार्थना करावी, बायबल वाचावे, एवढाच आरंभीचा हेतू. व्यायामाचे त्यात नावही नव्हते. पुढे चार्ल्स किंग्स्ली या धर्मोपदेशकाने व टॉमस ह्यूजने आपल्या कादंबऱ्यांतून धट्ट्याकट्ट्या, खेळकर ख्रिस्ती तरुणाचे चित्र रंगवले, आणि १८५७ च्या सुमारास 'स्नायूंचा ख्रिस्तधर्म' असे त्याचे थट्टेखोर नामकरणही झाले. थट्टा मागे पडली, विचार टिकला. न्यूयॉर्कच्या शाखेने १८६६ मध्ये आत्मिक, बौद्धिक व सामाजिक उन्नतीच्या जोडीला शारीरिक उन्नती हेही ध्येय म्हणून लिहिले आणि १८६९ मध्ये उभारलेल्या वास्तूत व्यायामशाळा घातली. ल्यूथर ग्यूलिक या वैद्याने १८९१ मध्ये आत्मा, मन आणि शरीर या तीन बाजूंचा त्रिकोण संस्थेचे चिन्ह म्हणून पुढे आणला.

याच ग्यूलिकच्या हाताखाली स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नाइस्मिथ होता. हा मूळचा धर्मशास्त्राचा पदवीधर. विद्यार्थिदशेत शनिवारी रग्बी खेळून डोळ्यांभोवती काळेनिळे वळ उठलेल्या अवस्थेत तो रविवारी प्रवचनाला उभा राहिल्याचे सांगतात, आणि अशा खेळगड्याच्या उद्धारासाठी त्याच्या सहाध्यायांनी देवाची करुणा भाकली होती म्हणे. डिसेंबर १८९१ मध्ये, हिवाळ्यात बंद खोलीत खेळता यावे म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि बास्केटबॉल जन्मास घातला. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, त्याच संस्थेच्या होल्योक येथील शाखेत विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल काढला. शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर भाताची खाचरे रिकामी झाली की मुले दोन बांबूंना जाळी बांधून जो खेळ खेळतात, तो अशा रीतीने एका प्रार्थनामंडळाच्या व्यायामशाळेत जन्मलेला आहे. त्या मुलांना हे ठाऊक नाही. ठाऊक असण्याचे कारणही नाही.

कोल्हापूरचा धागाही या कथेत आहे. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांचा जन्म १८६३ मध्ये याच नगरीत झाला, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत वाय. एम. सी. ए.च्या विद्यार्थी-शिबिरातून जी मोठी मिशनरी चळवळ उठली तिच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. आमच्या ड्रिलमास्तरांचे शिक्षण ज्या मद्रासच्या शाळेत झाले, ती याच संस्थेचे हॅरी बक यांनी १९२० मध्ये काढली. व्यायामशिक्षक घडवणारी देशातील ती पहिली संस्था मानली जाते. या सर्वांमागे धर्मप्रसाराचा हेतू होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. आम्हांस तो मान्य नाही. परंतु ज्याचा हेतू मान्य नाही त्याच्या घरातले चांगले दिसूच नये, इतकी आमची दृष्टी अजून अधू झालेली नाही.

किंबहुना आमच्यासारख्या पोथीवाल्यांनी एक गोष्ट मुद्दाम ऐकावी. १८९१ च्या सुमारास श्रीनगरच्या मिशनशाळेत टिंडेल-बिस्को नावाच्या पाद्र्याने फुटबॉल आणला, तेव्हा ब्राह्मण मुलांनी चामड्याला पाय लावायचे नाकारले. धावणे, घाम गाळणे, नाव वल्हवणे ही हलक्यांची कामे, दंड फुगवणे हे नावाड्याचे लक्षण, अशी त्यांची समजूत. शिक्षकांनी काठ्या घेऊन त्यांना मैदानात लोटले, असे बिस्कोने लिहून ठेवले आहे. ही जबरदस्ती आम्हांस पटत नाही. पण घाम हलका आणि पोथी भारी, ही त्या मुलांची समजूत वाचताना आम्हांस आमचेच बालपण आठवले. पाठशाळेत आमच्यातला जो तालमीत जाई त्याला गुरुजी रेडा म्हणत.

आणि हे म्हणणारे आम्ही कोण? कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटुवेषातले शंकर तप करणाऱ्या पार्वतीजवळ आधी तिच्या शरीरशक्तीची विचारपूस करतात. देह हे धर्माचे पहिले साधन, हा विचार कालिदासाने तेथे खुद्द महादेवाच्या तोंडी घातला आहे. तैत्तिरीय उपनिषदात भृगूला ब्रह्माचा पहिला बोध अन्न या रूपाने होतो. आनंदापर्यंतची वाट तेथून सुरू होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहारविहाराच्या प्रमाणाला योगातच जागा दिली. समर्थ रामदास रोज १२०० सूर्यनमस्कार घालीत अशी परंपरा आहे, आणि त्यांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे व पारगावचे दोन आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, तर तिसरा वारणेपलीकडे बत्तीस शिराळ्यात, म्हणजे शाहूवाडीकरांच्या अगदी उंबऱ्याशी आहे. मास्तर आधी प्रार्थना करीत आणि मग व्यायाम. आमच्या सूर्यनमस्कारात तर प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एक नाव, अशी बारा नावे गुंफलेली. तेथे कोणता श्वास जपाचा आणि कोणता कसरतीचा हे निवडता येत नाही. मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर यांना ती विद्या मारुतीच्या प्रसादाने लाभली, अशी आख्यायिका आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे हुतूतू व देशी व्यायाम करून दाखवले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१२ मध्ये खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे केले. आणि करवीरातली जुनी तालीम पाहावी, तर पैलवान हौदात उतरण्यापूर्वी कोनाड्यातल्या मारुतीपुढे हात जोडल्यावाचून मातीला पाय लावीत नाही. एवढे सारे घरात होते. त्यांना जे वाद घालून, पुस्तके लिहून, चिन्हे काढून मिळवावे लागले, ते आमच्याकडे शेंदराच्या वासासकट चालत आले होते.

पुढे काय झाले? तिकडे व्यायामशाळा वाढत गेल्या, पोहण्याचे तलाव झाले, सभासद झाले, आणि प्रार्थना हळूहळू मागील दाराने निघून गेली. अमेरिकेतील त्या संस्थेने २०१० मध्ये लोकांत रूढ झालेले 'वाय' हे एकाक्षरी नावच आपले म्हणून पुढे केले. मधले 'ख्रिश्चन' अक्षर तेथील जाणाऱ्या-येणाऱ्याच्या जिभेवरून केव्हाच उतरले होते. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासारखा डोंगर चढणारा, बर्फावर घसरणारा धर्मगुरू १९७८ ते २००५ या काळात त्या धर्माला लाभला. तरी सामान्य माणसाच्या घरी कसरत आणि उपासना यांची ताटे वेगळी झाली ती झालीच. त्यांचा आखाडा राहिला आणि देव उठून गेला. आमच्याकडे उलटे झाले. देव जागच्या जागी आहे, शेंदूर वाढतो आहे, महाप्रसादाच्या पंगती वाढत आहेत, आणि भिंतीपलीकडच्या तालमीला कुलूप आहे.

तालमीचेच कशाला? घरातल्या माताभगिनींनी क्षमा करावी, पण मंगळागौरीचे उदाहरण घेऊ. झिम्मा, फुगडी, बसफुगडी, पिंगा, लाट्या. रात्रभराच्या या जागरणात अंगाचा एकही सांधा मोकळा राहत नसे. देवीपुढचा हा स्त्रियांचा आखाडाच होता, आणि त्याला व्यायाम म्हणायची कुणाला गरज वाटली नाही. आता पैसे देऊन खेळ करणारी मंडळे येतात, मंचावर खेळतात, आणि ज्यांची पूजा त्या सुवासिनी खुर्च्यांवर बसून भ्रमणध्वनीत चित्रण करतात. जोतिबाच्या वाटेवर हेच. सासनकाठी खांद्यावर तोलून नाचवायची म्हणजे कंबर, पोटऱ्या आणि मान यांची परीक्षा. पूर्वी गावेच्या गावे ती घेऊन मुक्काम करीत पायी येत. अजूनही कितीएक येतात, त्यांना आमचा दंडवत. परंतु डोंगराच्या माथ्यापर्यंत गाडीने जाऊन, काठीला हात लावून, छायाचित्र काढून परतणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढताना आम्ही पाहतो.

यावर कोणी म्हणेल, शहरांतून व्यायामशाळा तर गल्लोगल्ली निघाल्या आहेत. निघाल्या आहेत खऱ्या. तिथल्या चारी भिंतींना आरसे असतात. आमच्या तालमीत आरसा नसे, समोर मारुती असे. तरुण दिवसातून तासभर ज्याच्याकडे पाहत घाम गाळतो, त्याचा परिणाम त्याच्या मनावर होणारच. मारुतीपाशी बळ अपार, पण ते स्वतःसाठी वापरल्याची एक कथा आम्हांस आख्यानात सापडलेली नाही. उडी मारली ती दुसऱ्याच्या पत्नीच्या शोधासाठी आणि पर्वत उचलला तो दुसऱ्याच्या भावासाठी. शाहूवाडीकरांना तर यासाठी पुराणापर्यंत जाण्याचेही कारण नाही. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे पावसाचिखलातून महाराजांची पालखी ज्यांच्या खांद्यांवरून रातोरात धावली त्या भोयांच्या पोटऱ्या, आणि खिंड अडवून उभे राहिलेल्या बाजीप्रभूंचे व त्यांच्या सोबत्यांचे बाहू, ही याच मातीतली गोष्ट आहे. आषाढात त्या वाटेने पावनखिंडीपर्यंत पायी जाणारी तरुण पथके आम्ही पाहतो, तेव्हा आशा वाटते. काही जण केवळ मौजेने येतात. येऊ द्यावे. चालता चालता काही कानावर पडेलच.

आता थोडे आमचे स्वतःचे. नारदीय कीर्तनात दोन-अडीच तास उभे राहावे लागते. पायांनी ताल धरायचा, हातात झांज, कंठात श्वास पुरवायचा. हा व्यवसाय श्वासावर आणि गुडघ्यांवर चालतो, हे आम्हांस गुडघे दुखू लागल्यावर कळले. कीर्तन झाले की यजमानाघरी पुरणपोळी, लाडू, वर आग्रह. नाही म्हणणे अप्रशस्त. पंचावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. वैद्यांनी चालायला सांगितले. आम्ही त्यांना देह कसा नश्वर आहे ते ऐकवले आणि औषधाची पुडी घेऊन घरी आलो. नश्वर देहाचे निरूपण करणाऱ्या माणसाला स्वतःच्या देहाची हेळसांड वैराग्य वाटू लागते. तो निव्वळ आळस होता. दोन वर्षांपूर्वी आषाढीला आळंदीहून वारीसोबत निघालो. पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. सासवडलाच पाय सुजले आणि पुढची वाट गाडीने काटावी लागली. आमच्याहून दहा वर्षांनी मोठी एक माउली, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन, आमच्या गाडीच्या खिडकीजवळून पुढे निघून गेली. तिने आमच्याकडे पाहिलेही नाही, ते एक बरे झाले.

त्या मुलाला द्यायचे उत्तर आमच्याजवळ आता आहे. ते पूर्वरंगातच द्यावे लागेल. देह माती आहे हे खरेच. पण तालमीतली माती जशी चाळून, तेल, ताक, हळद घालून, रोज खणून मऊ राखावी लागते, आणि कुणी खाली पडला तर लागू नये म्हणून राखावी लागते, तशीच ही. हा दृष्टान्त वस्तुतः त्याचाच आहे. आम्ही त्यावर संस्कृताचा मुलामा तेवढा चढवू.

गावच्या पंच मंडळींना आम्ही पत्र घातले आहे. यंदा जन्मकाळाच्या कीर्तनाची बिदागी आम्हांस नको. त्या पैशांतून तालमीत दोन ट्रॉल्या तांबडी माती टाकावी आणि मांडवाचे सामान दुसरीकडे हलवावे. कीर्तनापूर्वी अर्धा तास देवळापुढच्या पटांगणात ज्यांना शक्य आहे त्यांनी, मुलींनी सुद्धा, बारा नमस्कार घालावेत. आमचे सध्या सातच होतात. पत्र टाकून तीन आठवडे झाले. कुलपाची किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी चालू आहे, असा निरोप तेवढा आला आहे.